फोनच्या पाठीवरची जमीन

मोबाइलसाठी जी छापील बॅक कव्हर मिळतात त्यांत फुले, देवदेवता, क्रिकेटपटू आणि संगमरवरी रेघा यांच्या जोडीला आता जमिनीची आकाशातून घेतलेली चित्रेही असतात. नामिबियातल्या तांबड्या वाळूच्या टेकड्या, आइसलँडमध्ये हिमनद्यांच्या पायथ्याशी फुटणारे शेकडो प्रवाह, अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातला रंगीत उष्ण झरा, सहारातली एकात एक वर्तुळे. २०१६ साली गुगलने पिक्सेल फोनबरोबर गुगल अर्थमधल्या अशा दृश्यांची कव्हर विकायला काढली, तेव्हा हा प्रकार मोठ्या कंपन्यांच्या यादीतही आला. ही चित्रे देखणी असतात आणि ती कव्हरवर असावीत असेच मला वाटते. पण बहुतेक कव्हरवर ती जशी येतात, म्हणजे नाव नाही, गाव नाही, किती किलोमीटरचा प्रदेश आहे याचा पत्ता नाही, त्या रूपात त्यांच्यातला अर्ध्याहून जास्त ऐवज गळून गेलेला असतो. आकाशातून दिसणारा जमिनीचा आकार स्वतःबद्दल फार थोडे सांगतो. स्थळ, रुंदी, उत्तर दिशा, तारीख आणि रंग कशाचे आहेत, एवढे सोबत असले तर तेच चित्र बोलू लागते. हे पाच तपशील दोन ओळींत बसतात. ते वगळायला कोणतेही सबळ कारण नाही, हे या प्रकरणात दाखवायचे आहे.

आधी कव्हरवर चित्र येते कसे ते पाहू, कारण पुढचे बरेचसे गणित त्यावर उभे आहे. बाजारात ज्याला सरसकट सिलिकॉन कव्हर म्हणतात ते बहुधा टीपीयूचे, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचे असते. हार्ड कव्हर पॉलिकार्बोनेटचे. मऊ कव्हर स्वतः दबते आणि फोन पडल्यावर बसणारा धक्का किंचित जास्त वेळात वाटून टाकते, कडक कव्हर ओरखडे अडवते, म्हणून पुष्कळ कव्हरांत कडा मऊ आणि पाठ कडक अशी जोडणी असते. चित्र पाठीवर जाते आणि त्याच्या दोन रीती जास्त चालतात. सब्लिमेशनमध्ये चित्र आधी खास रंगांनी कागदावर किंवा फिल्मवर उलटे छापतात आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसला कव्हरवर दाबतात. तो रंग द्रव न होता सरळ वायू होतो आणि पाठीवरच्या पॉलिमरच्या थरात मुरतो. यूव्ही छपाईत शाई थेट कव्हरवर पडते आणि अतिनील दिव्याखाली लगेच घट्ट होते. कव्हर काळे किंवा पारदर्शक असेल तर खाली आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. दोन्ही रीतींत चित्राला काही सोसावे लागते. वरच्या डाव्या कोपऱ्यातला मोठा तुकडा कॅमेऱ्याच्या भोकात जातो. चित्र कडेवरून वळवले असेल तर कोपऱ्यांत ते ताणले जाते. पडद्यावर झळाळणारा निळा-हिरवा रंग शाईत तसाच उतरत नाही, म्हणून छापणारा तो अधिक भडक करून घेतो. यातली एकही गोष्ट फुलांच्या नक्षीला फारशी बाधत नाही. मोजून घेतलेल्या चित्राला मात्र प्रत्येक गोष्ट बाधते.

मोजून घेतलेले चित्र हा शब्द जपून वापरला आहे. आकाशातून पहिले छायाचित्र फ्रान्समध्ये नादार याने १८५८ साली फुग्यातून घेतले. ते आज उरलेले नाही. पण कव्हरवर येणाऱ्या चित्रांचे खरे घराणे २३ जुलै १९७२ रोजी सुरू होते. त्या दिवशी अमेरिकेने पुढे लँडसॅट १ म्हणून ओळखला गेलेला उपग्रह सोडला. व्हर्जिनिया नॉरवूड यांनी आखलेले त्यावरचे उपकरण जमिनीवरच्या सुमारे ८० मीटरच्या चौकोनातून परतणारा प्रकाश मोजत होते आणि त्या मोजमापाचा आकडा पृथ्वीवर पाठवत होते. आजचे लँडसॅट ७०५ किलोमीटर उंचीवरून १८५ किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतात, प्रकाशाच्या बहुतेक पट्ट्यांत ३० मीटरचा चौकोन मोजतात आणि प्रत्येक उपग्रह १६ दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. या मोहिमेचा आग्रह धरणाऱ्यांपैकी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तेव्हाचे प्रमुख विल्यम पेकोरा हे स्वतः भूशास्त्रज्ञ होते. लँडसॅट ७ च्या एका दृश्याला पूर्वी ६०० डॉलर मोजावे लागत. २००८ पासून सारा साठा फुकट खुला झाला. त्यातल्या निवडक दृश्यांची ‘अर्थ ॲज आर्ट’ ही मालिका याच सर्वेक्षणाने काढली. इराणमधल्या दश्त-ए-कवीर या खाऱ्या वाळवंटातले घडीसारखे वाकलेले थर, सायबेरियातल्या लेना नदीच्या मुखाचा पंखा, ही त्या मालिकेतली दृश्ये सार्वजनिक मालकीची आहेत, आणि म्हणून कव्हर छापणाऱ्यांना ती सहज मिळतात. प्रत्येक दृश्यासोबत तारीख, अक्षांश-रेखांश आणि वापरलेले पट्टे यांची नोंद मूळ साठ्यात असतेच. म्हणजे माहिती नव्याने गोळा करायची नाही. ती फेकून द्यायची नाही, इतकेच.

आता आकडे मांडू. फोनची पाठ साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि ७ सेंटिमीटर रुंद धरली आणि चांगल्या छपाईत एका सेंटिमीटरला सुमारे १२० ठिपके धरले, तर कव्हरवर १,८०० गुणिले ८४० ठिपके मावतात. लँडसॅटचा एक चौकोन एका ठिपक्याला दिला, तर कव्हरवर ५४ किलोमीटर लांब आणि २५ किलोमीटर रुंद जमीन बसते. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर १.८३ किलोमीटर व्यासाचे आहे. या हिशेबात ते ६१ ठिपक्यांचे, म्हणजे कव्हरवर अवघ्या ५ मिलिमीटरचे होते, शर्टाच्या बटणाहूनही लहान. भारताने १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आयआरएस-१ए च्या ७२.५ मीटरच्या चित्रात तर ते २ मिलिमीटरचा ठिपका ठरेल. २००५ सालच्या कार्टोसॅट-१ ने जमिनीचा २.५ मीटरचा चौकोन मोजला. त्याचे चित्र घेतले की लोणार ६ सेंटिमीटरचे होते आणि कव्हरच्या रुंदीत नेमके बसते. पण कार्टोसॅट-१ चे चित्र काळे-पांढरे. त्यात रंग हवा तर दुसऱ्या उपकरणाचा रंग त्यावर चढवावा लागतो. यलोस्टोनचा ग्रँड प्रिझमॅटिक झरा सुमारे ११० मीटर रुंद आहे, लँडसॅटला तो जेमतेम ४ चौकोनांचा दिसतो. तेव्हा कव्हरभर पसरलेला हा झरा लँडसॅटने टिपलेला असूच शकत नाही. ते बहुधा विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून घेतलेले छायाचित्र असते. एकाच रांगेत टांगलेल्या दोन कव्हरांपैकी एक दोनशे-तीनशे मीटर उंचीवरून घेतलेले आणि दुसरे ७०५ किलोमीटरवरून घेतलेले असू शकते, आणि दोन्हींची रुंदी मात्र तेच ७ सेंटिमीटर.

या सारख्या रुंदीमुळे काय बिघडते ते तीन वर्तुळे शेजारी ठेवली की कळते. पहिले लोणार. दुसरे मॉरिटानियातले रिशात, ज्याला सहाराचा डोळा म्हणतात. व्यास ४० किलोमीटरहून अधिक. तिसरे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातले मॅनिक्वागन, सुमारे ७० किलोमीटरचे पाण्याचे कडे. तिन्ही ७ सेंटिमीटरच्या रुंदीत बसवली, तर लोणारच्या कव्हरवरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे २६० मीटर, रिशातच्या कव्हरवर तोच सेंटिमीटर ५.७ किलोमीटर आणि मॅनिक्वागनच्या कव्हरवर तब्बल १० किलोमीटर. डोळ्याला तीन वर्तुळे दिसतात, एकाच कारागिराने काढल्यासारखी. घडण मात्र वेगळी. लोणार हे अशनी आदळून दख्खनच्या बेसाल्टमध्ये झालेले विवर. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर यांनी १८२३ साली त्याची नोंद केली, पण पुढे दीडशे वर्षे ते ज्वालामुखीचे मुख की आघाताचे विवर हा वाद चालला. १९७३ साली मॅस्केलिनाइट, म्हणजे प्रचंड धक्क्याने काचेसारखे झालेले फेल्स्पार, तिथल्या खडकात सापडल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा निकाल लागला. रिशातचा प्रवास नेमका उलटा झाला. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ मधून मॅकडिव्हिट आणि व्हाइट या अंतराळवीरांनी त्याचे छायाचित्र घेतले आणि इतके रेखीव वर्तुळ आघाताचेच असणार असे अनेकांना वाटले. तिथे कोएसाइट हे आघाताची खूण मानले जाणारे खनिज मिळाल्याचेही जाहीर झाले. तपासणीत ते बॅराइट निघाले. जमिनीवर फिरून, खडक फोडून पाहिल्यावर समजले की खालून वर चढलेल्या शिलारसाने थरांना घुमटासारखे फुगवले आणि नंतर धूप झाली; कठीण क्वार्ट्झाइट कड्यांच्या रूपाने उभे राहिले आणि त्यांच्यामधले मऊ थर झिजले. मॅनिक्वागनमध्ये दोन्ही कथा एकत्र येतात आणि तिसरी भर पडते. सुमारे २१.५ कोटी वर्षांपूर्वीच्या आघाताची ती खूण खरी, पण कव्हरवर उठून दिसणारे पाण्याचे अखंड कडे माणसाने केलेले आहे. १९६० च्या दशकात बांधलेल्या डॅनियल-जॉन्सन धरणामागे पाणी चढले आणि आधीचे दोन चंद्रकोरीसारखे तलाव जुळून वर्तुळ पुरे झाले.

तेव्हा वर्तुळ पाहून काय कळते? एवढेच की एका मध्याभोवती सर्व दिशांनी सारखे काहीतरी घडले. वरून आदळले की खालून फुगले, एका क्षणात की कोट्यवधी वर्षांत, हे वर्तुळ सांगत नाही. यावर एक वजनदार आक्षेप घेता येईल. भूशास्त्रज्ञ आकारावरूनच तर कितीतरी ओळखतात. वाळूच्या टेकडीची चंद्रकोर पाहून वारा कुठून वाहतो ते सांगतात, नद्यांचे जाळे झाडाच्या फांद्यांसारखे आहे की चौकटीसारखे, यावरून खालच्या खडकाची जात आणि भेगा यांचा अंदाज बांधतात. मग आकार मुका कसा? आक्षेप खरा आहे, पण तो आमच्या बाजूचा आहे. भेगांच्या बहुकोनांचे उदाहरण घ्या. वाळलेल्या तळ्याच्या तळाशी काही सेंटिमीटरचे बहुकोन पडतात. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलच्या बेसाल्टचे उभे खांब बहुकोनी आहेत. लेना नदीच्या मुखाशी गोठलेल्या जमिनीवर दहा-वीस मीटरचे बहुकोन विमानातून दिसतात. तिन्ही ठिकाणी आकुंचन हेच कारण: चिखल वाळून आकसला, लाव्हा निवून आकसला, गोठलेली जमीन हिवाळ्याच्या कडाक्यात आकसली आणि भेगांत बर्फ शिरून त्या रुंदावल्या. आकाराने आकुंचन हा शब्द आपल्याला दिला; पाणी गेले, उष्णता गेली की थंडी पडली हे ठरवायला लांबी-रुंदी आणि जागा लागली. भूशास्त्राच्या कोणत्याही क्षेत्रभेटीतली छायाचित्रे पाहा. खडकाच्या भिंतीसमोर हातोडा, नाणे, नाहीतर लेन्सचे झाकण ठेवलेले असते. जे तज्ज्ञ आकारावरून सर्वांत जास्त ओळखू शकतात, तेच मोजपट्टीशिवाय छायाचित्र घेत नाहीत. सामान्य ग्राहकाला ती पट्टी नको, असे मग कशाच्या आधारे म्हणायचे?

मोजमापानंतर दिशेचा मुद्दा येतो, आणि कव्हरच्या बाबतीत तो सर्वांत मनोरंजक आहे, कारण फोन दिवसभर हातात उलटसुलट होत असतो. उत्तर वर ठेवलेले ग्रँड कॅन्यनचे किंवा हिमालयाचे उपग्रहचित्र पाहताना कित्येकांना दरी उंच कण्यासारखी आणि पर्वतरांग खोल चरासारखी दिसते. फोन अर्धा फिरवला की सारे पालटते. कणा खाली जातो, दरी दरी होते. चित्र तेच, उजेडाबद्दलची आपल्या डोळ्याची समजूत मात्र ठाम आहे. उजेड वरूनच येतो असे मेंदू धरून चालतो. लँडसॅट जमिनीवरून जातो तेव्हा स्थानिक वेळ सकाळी साधारण १० ची असते. त्या वेळी उत्तर गोलार्धाच्या मधल्या अक्षांशांत सूर्य आग्नेयेला असतो, सावल्या वायव्येकडे पडतात, आणि उत्तर वर ठेवलेल्या चित्रात उजेड खालच्या बाजूने आल्यासारखा होतो. मेंदू आपली समजूत सोडत नाही, त्याऐवजी डोंगराला खड्डा करून मोकळा होतो. दक्षिण गोलार्धात तोच सूर्य ईशान्येला असतो, उजेड वरून येतो आणि म्हणून नामिबियाच्या टेकड्या उत्तर वर ठेवूनही टेकड्याच दिसतात. कव्हरवर छोटासा उत्तरदर्शक बाण आणि चित्राची वेळ असेल, तर ग्राहकाला हा सगळा प्रयोग स्वतःच्या हातात करता येतो. प्रयोगशाळा लागत नाही, खर्च नाही. बाण नसेल तर तो जन्मभर दरीला डोंगर समजत राहील आणि त्यात त्याचा काही दोष नसेल.

रंगांविषयी लोक जास्त रागावतात. उपग्रहचित्रांतले रंग ‘खोटे’ असतात, तांत्रिक भाषेतही त्यांना आभासी रंग म्हणतात, मग अशा चित्राला पुरावा कसे म्हणायचे? याचे उत्तर उपकरणाच्या रचनेत आहे. लँडसॅट आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर अवरक्त प्रकाशाचेही पट्टे मोजतो. हे मोजमाप खरे असते. डोळ्याला तो प्रकाश दिसत नसल्यामुळे चित्रात त्याला कोणता तरी दिसणारा रंग द्यावाच लागतो. १९८२ मध्ये लँडसॅट ४ सोबत गेलेल्या थिमॅटिक मॅपरवर २.०८ ते २.३५ मायक्रोमीटरचा पट्टा भूशास्त्रज्ञांच्या मागणीवरून उशिरा घातला गेला, इतका उशिरा की आधी ठरलेले क्रमांक न बदलता त्याला शेवटचा, सातवा क्रमांक मिळाला. चिकणमातीची खनिजे आणि चुनखडी या लांबीचा प्रकाश शोषून घेतात, म्हणून डोळ्याला एकसारखे करडे दिसणारे दोन थर या पट्ट्यात वेगळे पडतात. दश्त-ए-कवीरसारख्या प्रदेशातले थर चित्रात इतके सुटे सुटे दिसतात ते अशा पट्ट्यांमुळे. आभासी रंगात लबाडी नाही. लबाडी होते ती किल्ली काढून घेतल्यावर. नामिबियाच्या कव्हरवरचा तांबडा म्हणजे वाळूच्या कणांवरचा लोहाचा गंज. अवरक्ताला तांबडा रंग देऊन छापलेल्या दुसऱ्या कव्हरवरचा तांबडा म्हणजे हिरवीगार झाडी, कारण पाने अवरक्त प्रकाश भरपूर परतवतात. ग्रँड प्रिझमॅटिकच्या कडेचा नारिंगी-पिवळा ना गंज ना झाडी; तो उष्ण पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या साईचा रंग आहे, आणि पाणी मध्याकडून कडेला जाताना जसजसे निवते तसतशी जीवांची जात आणि रंग बदलतो. म्हणजे त्या झऱ्यातली रंगांची कडी तापमानाचा नकाशा आहे. हे वाक्य ज्याला माहीत आहे त्याला ते कव्हर कमी सुंदर वाटेल, असे मला खरेच वाटत नाही.

तारखेचे महत्त्व लोणारनेच दाखवून दिले. जून २०२० मध्ये तिथले एरवी हिरवट दिसणारे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया, हे कारण सांगितले. पाणी कमी झाले होते, खारटपणा वाढला होता. पावसानंतर पाणी पुन्हा पूर्ववत झाले. त्या महिन्याचे गुलाबी लोणार कव्हरवर तारखेशिवाय छापले तर ते एका उन्हाळ्याच्या घटनेला त्या जागेचा कायमचा रंग करून टाकते. पाहणारा तिथे डिसेंबरात जाईल आणि फसवणूक झाली असे समजेल.

सगळ्यांत साधा आणि म्हणून सगळ्यांत चिवट आक्षेप असा: कव्हर ही शोभेची वस्तू आहे, तिला धडा कशाला चिकटवायचा? पैठणीच्या पदरावरच्या मोराखाली कोणी त्याचे शास्त्रीय नाव विणत नाही. बरोबर आहे, आणि विणूही नये. पण तो मोर विणकराच्या मनातून आणि हातातून आलेला आहे. त्याचा पिसारा किती लांब असावा हे विणकराने ठरवले, आणि तो आहे तसाच पुरा आहे. रिशातची कडी कोणी ठरवलेली नाहीत. त्यांच्यातले अंतर तिथल्या क्वार्ट्झाइटच्या जाडीने आणि थरांच्या उताराने ठरले. जो आकार पाहून आपण खूश होतो तो कारणाने घडवला आहे, आणि कारण सांगणे म्हणजे आकाराकडे आणखी लांबून नव्हे, आणखी जवळून पाहणे आहे. शिवाय इथे कोणावर सक्ती नाही. दोन ओळी ज्याला वाचायच्या नाहीत त्याच्यासाठी चित्र तेवढेच सुंदर राहते. वाचायच्या आहेत त्याला मात्र आज कोणताच मार्ग नसतो, कारण नाव नसलेले चित्र शोधायचे कसे आणि कुठे?

जागेचे अक्षांश-रेखांश छापले तर गर्दी होईल, नाजूक स्थळांची नासधूस होईल, या भीतीत मात्र तथ्य आहे. यलोस्टोनच्या याच झऱ्यात ऑगस्ट २०१४ मध्ये एका परदेशी पर्यटकाचा ड्रोन पडून बुडाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ड्रोन उडवण्यावर बंदी जाहीर होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. आकाशातले सुंदर चित्र पाहून प्रत्येकाला आपलेही तसेच चित्र हवेसे वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कव्हरवर येणारी स्थळे आधीच जगप्रसिद्ध असतात. रिशातचा ठावठिकाणा लपवून काही वाचत नाही. जीवाश्मांच्या किंवा दुर्मीळ खनिजांच्या जागांसारखी खरोखर धोक्यातली स्थळे असतील, तिथे अक्षांश न देता जिल्हा किंवा प्रांत द्यावा, संग्रहालयेही तसेच करतात. आणि नाजूकपणाचे कारणच त्या दोन ओळींत आले, झऱ्याची कड ही जिवंत साय आहे हे कळले, तर तिच्यावर पाय ठेवणारा एखादा तरी थांबेल अशी आशा धरायला जागा आहे. नुसते चित्र ती आशाही देत नाही.

प्लॅस्टिकचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. टीपीयू आणि पॉलिकार्बोनेट दोन्ही खनिज तेलापासून येतात. दोन प्लॅस्टिके, शाई आणि लेप एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे कव्हर वेगळे करून पुन्हा वापरात आणणे कठीण असते. पारदर्शक टीपीयू उन्हाने, हवेने पिवळे पडते आणि फोनचे मॉडेल बदलले की धड असलेले कव्हरही निकामी होते. पृथ्वीचे चित्र अशा वस्तूवर छापणे काहींना विसंगत वाटते आणि ते वाटणे चुकीचे नाही. तरी दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. कव्हर किती विकत घ्यावीत हा एक प्रश्न. जे घेतले जाणारच आहे त्यावर काय छापावे हा दुसरा. फोन जपला तर तो जास्त वर्षे चालतो, आणि फोन तयार करताना लागणारे धातू व ऊर्जा पाहता ही बचत लहान नाही. चित्र बदलावेसे वाटले म्हणून दर दोन महिन्यांनी नवे कव्हर घेणारा ग्राहक ही बचत घालवतो. ज्या चित्राबद्दल काही माहीत आहे ते लवकर कंटाळवाणे होत नाही, असा माझा कयास आहे, पण त्याला मी पुरावा म्हणणार नाही.

उरतो तो व्यवहार. चित्राच्या अंगावर अक्षरे नकोत, हे मान्य. चांगल्या चित्राला ती खुपतात. पण कव्हरला आतली बाजू असते, फोनच्या पाठीला टेकणारी, जी आज बहुधा कोरी असते. यूव्ही छपाईला तिथे आणखी एक फेरी लागेल, सब्लिमेशनच्या हार्ड कव्हरवर ते जमले नाही तर खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाच्या वर, २ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांची एक ओळ बसते. उत्तरेचा बाण कॅमेऱ्याच्या भोकाशेजारी ठेवता येईल, म्हणजे चित्राचा आणखी भाग जायला नको. क्यूआर कोड हा पर्याय सोपा वाटतो, पण तो ज्या दुव्यावर नेतो तो दुवा कव्हरच्या आधी मरू शकतो. छापलेल्या ओळीला ती भीती नाही, म्हणून कोड द्यायचा तर ओळीच्या जोडीला द्यावा. सार्वजनिक साठ्यातले चित्र असेल तर त्याच ओळीत ते ज्यांनी घेतले त्या संस्थेचे नाव यावे. अमेरिकी सर्वेक्षण पैसे मागत नाही, श्रेय द्यावे एवढे सुचवते. खाजगी कंपनीच्या उपग्रहाचे चित्र असेल तर परवानगी लागते आणि गुगल अर्थवर दिसते म्हणून ते फुकट छापता येते असे नाही, हे छोट्या छापखान्यांनी लक्षात ठेवलेले बरे. लोणारपुरते सांगायचे तर आतल्या बाजूला एवढा मजकूर पुरेल: लोणार, जिल्हा बुलढाणा, १९.९८ उत्तर, ७६.५१ पूर्व. बेसाल्टमधील आघात विवर, व्यास १.८३ किमी, कव्हरवरील १ सेंमी म्हणजे सुमारे २६० मीटर. बाण उत्तरेकडे, रंग डोळ्याला दिसतात तसे, आणि शेवटी चित्राची तारीख.